चित्रातली मान कशी वळते?

घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला माणसाचा चेहरा काढायला सांगा. एक गोल, त्यात दोन टिंबे, मधोमध नाक, खाली हसरे तोंड आणि दोन्ही बाजूंना दोन कान. अर्ध्या मिनिटात चेहरा तयार! आता त्याच मुलाला सांगा, "हाच माणूस जरा उजवीकडे बघतोय, असं काढ." इथे पेन्सिल थबकते. कुणी नुसते नाक सरकवतो आणि डोळे जागच्या जागी ठेवतो. कुणी एकदम कडेचा चेहरा काढून मोकळा होतो, पण मग तो पहिला माणूस राहत नाही, त्याचा कुणी चुलतभाऊ वाटतो. मुलांचेच कशाला, आपणा मोठ्यांचेही तेच होते. समोरचा चेहरा आपण पाठ केलेला असतो; वळलेला चेहरा समजावा लागतो. पाठांतर आणि समज यांत केवढे अंतर असते, हे परीक्षांच्या जोरावर सातासमुद्रापार आलेल्या आपल्या पिढीला निराळे सांगायला नको.

मुलांना मौजेची वाटणारी ही अडचण हलत्या चित्रांच्या, म्हणजे कार्टूनच्या, धंद्यात शंभराहून अधिक वर्षे ठाण मांडून बसलेली आहे. कागद सपाट आणि डोके गोल, हे तिचे मूळ. आज शाळेत जाणारी आपली मुले घरच्या संगणकावर कार्टून काढतात, सपाट चित्राच्या आत ‘हाडे’ बसवतात आणि एक हाड ओढून चित्रातल्या माणसाची मान वळवतात. हाडे हा शब्द ऐकून प्रथम दचकायला होते, पण तो धंद्यातला रुळलेला शब्द आहे. ही हाडे चित्रात आली कुठून, त्याआधी मान कोण वळवीत होते आणि कशी, आणि हाडे आल्यावर त्या माणसांचे काय झाले, याचा हा धांडोळा. विषय किरकोळ वाटेल. पण यंत्र माणसाचे कष्ट वाचवते तेव्हा त्या कष्टांबरोबर आणखी काय जाते, हा प्रश्न या छोट्या विषयात फार स्वच्छ दिसतो.

कडेचा चेहरा: सोयीचा मार्ग

जुन्या कलावंतांनी ही अडचण बऱ्याचदा टाळलीच. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या, विशेषतः चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या कल्पसूत्राच्या सचित्र प्रती पाहिल्या, तर चेहरे किंचित वळलेले दिसतात. पण पलीकडचा डोळा गालाची रेषा ओलांडून थेट हवेत आलेला असतो. चेहरा वळला की पलीकडचा डोळा अरुंद व्हायला हवा, नाकाआड थोडा लपायला हवा. चित्रकाराने तो लपवला नाही, अख्खाच्या अख्खा बाहेर काढून ठेवला. ती त्या शैलीची ओळख ठरली. चित्र स्थिर असल्यामुळे ते खपूनही गेले.

चामड्याच्या बाहुल्यांचे तसे नाही, कारण त्यांना हलायचे असते. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी ही कला जिवंत ठेवली आणि त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली. छायाबाहुली सपाट असते. तिला दुसऱ्या दिशेला बघायला लावायचे तर सूत्रधार ती सरळ उलटी फिरवून धरतो. मान वळण्याची मधली अवस्था तिथे नसतेच. बाहुली आधी इकडे बघत होती, आता तिकडे बघते. मधले प्रेक्षकाने समजून घ्यायचे.

जर्मनीत लोटे रायनिगर या विदुषीने १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे खपून ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ हा छायाकृतींचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून केलेल्या आकृती, सांधे तारेने बांधलेले, खालून उजेड आणि वरून कॅमेरा. तिच्या आकृतींचे हात, मनगटे, कंबर, सारे सांध्यांत फिरते. जवळजवळ पन्नास वर्षांनी संगणकात आलेली हाडे म्हणजे याच सांध्यांची नातवंडे म्हणायला हरकत नाही. पण रायनिगरबाईंची पात्रेही बहुतेक वेळ कडेनेच दिसतात. काळ्या सावलीला समोरून पाहिले तर नाक, ओठ, हनुवटी सगळे त्या काळ्यात बुडून जाते. सांध्याने हात वर-खाली होतो, मान पुढे-मागे झुकते. पण डोके आपल्याकडे वळत नाही. कागदाच्या पातळीतून बाहेर येणारी हालचाल सांध्याच्या आवाक्याबाहेरची आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे संगणकही याच ठिकाणी अडला.

मधली चित्रे काढणारी माणसे

हाताने एकेक चित्र काढणाऱ्यांनी मात्र हे आव्हान अंगावर घेतले. १९१४ साली न्यूयॉर्कच्या विन्सर मॅके यांनी ‘गर्टी द डायनोसॉर’ पडद्यावर आणली. गर्टी मान वळवते, लाजते, रुसते. एका मदतनिसाच्या साथीने मॅके यांनी हजारो चित्रे काढली, आणि तेव्हा पारदर्शक पत्र्यांची सोय वापरात नसल्यामुळे प्रत्येक चित्रात मागचे डोंगर-दगडही पुन्हा गिरवावे लागले. मॅके यांची रीत साधी होती: हालचालीचे पहिले आणि शेवटचे चित्र आधी काढायचे, मग बरोबर मधले, मग त्या अर्ध्यांच्या मधले.

ही ‘मधली’ चित्रे हाच पुढे एक स्वतंत्र व्यवसाय झाला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत डिक ह्यूमर या कसलेल्या चित्रकाराच्या हाताखाली आर्ट डेव्हिस नावाचा तरुण बसू लागला. ह्यूमरने महत्त्वाची चित्रे काढायची आणि डेव्हिसने मधली भरायची. अशा मधल्या कारागिराला इंग्रजीत ‘इनबिट्वीनर’ म्हणू लागले. एका सेकंदाच्या चित्रपटात २४ चौकटी असतात. एकेक चित्र दोनदा टिपले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये १०,०८० चौकटी येतात. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, हे उघड आहे.

मान वळवण्याचे दृश्य म्हणजे या मधल्या कारागिराची खरी परीक्षा. गणिताच्या वाटेने पाहू. डोके हा एक चेंडू समजा आणि नाक म्हणजे त्यावर चिकटवलेला वाटाणा. समोरून पूर्ण कडेपर्यंत वळायचे म्हणजे ९० अंश. निम्मे वळण झाले, म्हणजे ४५ अंश, तेव्हा नाकाचे टोक कागदावर निम्म्या अंतरावर असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते सुमारे ७१ टक्के अंतर कापून पुढे गेलेले असते. आपल्या शाळेतली त्रिकोणमितीतली ‘ज्या’ आठवत असेल, तिचाच हा प्रताप. नाक सुरुवातीला भरभर सरकते आणि कडेला पोचताना मंदावते. डोळे त्याच्या मागून येतात, पलीकडचा डोळा अरुंद होत जातो, अलीकडचा कान कडेवरून चेहऱ्याच्या मध्याकडे येतो आणि पलीकडचा कान डोक्याआड नाहीसा होतो. दोन टोकांच्या चित्रांची नुसती सरासरी काढून मधले चित्र केले, तर चेहरा मध्येच चेपतो, पंक्चर झालेल्या फुटबॉलसारखा दिसतो. म्हणून तिथे सरासरी चालत नाही, डोके डोळ्यांपुढे उभे करावे लागते. त्यात आणखी एक खुबी कारागिरांना ठाऊक होती. माणूस मान वळवतो तेव्हा ती सरळ रेषेत फिरत नाही. किंचित खाली झुकून कमानीसारखी जाते, आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी पापणी मिटते. डिस्नेकडचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात हलत्या चित्राची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांत ही ‘कमान’ आहे आणि ‘भरीव रेखाटन’ही आहे.

धंदा म्हटला की पळवाटाही आल्या. १९२८ सालचा मिकी माउस बघा. त्याचे दोन्ही कान नुसते काळे वर्तुळ. मिकी इकडे वळो की तिकडे, कान वर्तुळच! खऱ्या डोक्यावर असे कान असणे अशक्य. पण प्रेक्षकाच्या डोळ्याला ते खटकत नाही आणि कारागिराचे काम हलके होते. १९४१ च्या सुमारास काही लघुपटांत मिकीचे कान खऱ्यासारखे वळवूनही पाहिले. ते फार टिकले नाही, पुन्हा वर्तुळे आली.

पण या मधल्या माणसांचे हाल गोड नव्हते. १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ने जगाला वेड लावले. त्यामागे शेकडो हात होते, आणि त्यांतले कित्येक हात कमी पगाराचे आणि नाव न झळकलेले होते. मे १९४१ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत संप झाला, त्यात या मधल्या कारागिरांच्या आणि शाई-रंग भरणाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्नही होता. तरीही एक गोष्ट खरी. पुढे नावारूपाला आलेल्या अनेक कलावंतांची सुरुवात याच खालच्या पायरीवर झाली होती. हजारो वेळा दुसऱ्याचे डोके वळवताना हाताला डोके कळायचे. पगार थोडा, पण शाळा पक्की, असा तो मामला होता.

टायचा शोध आणि मुंबईचा वर्ग

दूरचित्रवाणी आली आणि पैशाचे गणित बदलले. १९५७ साली एम.जी.एम. ने आपला कार्टून विभाग बंद केला. ‘टॉम अँड जेरी’चे जनक हॅना आणि बार्बेरा यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. टी.व्ही. साठी चित्रे स्वस्तात आणि झटपट हवी होती. तिथे एक अक्कलहुशारी दिसते. योगी बेअर हे अस्वल आठवते? अंगावर कपडा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय मात्र आहे. ती फॅशन नव्हे, ती काटकसर! कॉलरमुळे मानेचा जोड झाकला जातो. धड एका पारदर्शक पत्र्यावर तसेच ठेवायचे आणि दुसऱ्या पत्र्यावर नुसते डोके बदलायचे. मान वळताना धड आणि डोके यांचा सांधा कुठे तुटला, हे कुणाला कळत नाही. पुढे संगणकात डोके, डोळे, नाक वेगवेगळ्या थरांवर ठेवण्याची जी पद्धत आली, तिचे बीज इथे आहे.

याच सुमारास, १९५६ साली, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने आपला कार्टून विभाग सुरू केला. शिकवायला आले होते डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन हे एक. पुढे १९९२ साली जपानचे युगो साको यांच्याबरोबर ‘रामायण’ हा कार्टूनपट करणाऱ्यांत ते होते. भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून २०१९ मध्ये ते गेले तेव्हा साऱ्यांनी त्यांची आठवण काढली. मुंबईच्या त्या वर्गात विद्या आली ती पुस्तकातून नव्हे, शेजारी बसून, कागदाखालच्या दिव्याच्या उजेडात एकावर एक चित्रे ठेवून, मधली रेषा काढून. गुरुकुलच ते!

ओटावातली दोन माणसे

आता वाट कॅनडाकडे वळते, कारण चित्रातल्या हाडांचे जन्मगाव ओटावा आहे. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन हे दोघे संशोधक संगणकावर रेखाचित्रांचे प्रयोग करीत होते. १९६९ साली बर्टनिक एका परिषदेला गेले असता डिस्नेच्या एका चित्रकाराकडून त्यांनी कार्टून कसे बनते ते ऐकले: बडा चित्रकार मोक्याची चित्रे काढतो, धाकटा मधली भरतो. बर्टनिक यांच्या मनात आले, हे धाकट्याचे काम संगणकाने का करू नये? मोक्याचे चित्र पहिले आणि मोक्याचे चित्र दुसरे यंत्राला दिले की मधली सगळी त्याने हिशोबाने काढावीत. ‘की-फ्रेम’ पद्धत संगणकावर आली ती अशी.

या यंत्रावर पीटर फोल्डेस या कलावंताने नॅशनल फिल्म बोर्डासाठी ‘हंगर’ हा सुमारे अकरा मिनिटांचा चित्रपट केला. १९७४ साली कान महोत्सवात त्याला ज्यूरीचे पारितोषिक मिळाले आणि ऑस्करसाठी नामांकनही झाले. खाखा सुटलेला एक माणूस खात राहतो, फुगत जातो आणि शेवटी भुकेल्यांच्या तोंडी सापडतो. यातली रेखाचित्रे एकमेकांत वितळत जातात. चेहऱ्याचा पदार्थ होतो, पदार्थाचा चेहरा होतो. ते बघताना अंगावर काटा येतो. पण इथे एक मेख आहे. यंत्राने रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला पहिल्या चित्रातल्या जागेवरून दुसऱ्या चित्रातल्या जागेकडे ढकलले आहे. ही आपली मघाचीच सरासरी. भुकेच्या दुःस्वप्नात रेषा वितळली तर ती कला ठरते. पण साध्या माणसाने मान वळवताना त्याचा चेहरा वितळला तर प्रेक्षक हसतात.

बर्टनिक आणि वाइन यांना ही उणीव दिसत होती. १९७६ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात उपाय होता सांगाड्याचा. पूर्ण चित्र हलवण्याऐवजी त्याच्या आत काड्यांचा एक साधा सांगाडा कल्पायचा. चित्रातला प्रत्येक बिंदू जवळच्या काडीशी बांधायचा. चित्रकाराने नुसत्या काड्या हलवायच्या. मांस, कातडे, कपडे आपोआप मागून येतील. एक तपशीलवार चित्र पुन्हा पुन्हा काढण्याऐवजी चार काड्या हलवणे किती सोपे! रायनिगरबाईंच्या तारेच्या सांध्यांना आता कातडे फुटले होते, आणि कोपरापाशी कापल्याची फट दिसत नव्हती. या दोघांच्या कामाची चित्रपटसृष्टीने रीतसर दखल घेतली ती १९९७ साली, अकादमीच्या तांत्रिक पुरस्काराने. एकवीस वर्षे उशीर झाला खरा, पण देर आये दुरुस्त आये.

हाडांनी हात-पाय चालू लागले. मान मात्र अडून बसली, रायनिगरबाईंच्या वेळी अडली होती त्याच ठिकाणी. कागदाच्या पातळीत होणारी हालचाल हाड करू शकते. कागदातून बाहेर येणारी नाही.

असे का, याचे उत्तर १९७८ साली एड कॅटमल यांनी दिले. पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झालेले हे गृहस्थ तेव्हा लाँग आयलंडवरच्या न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते, आणि त्या संस्थेत हाताने कार्टून काढणाऱ्यांचाही ताफा काम करीत असे. दोन्ही बाजू जवळून पाहिलेल्या कॅटमल यांनी आपल्या निबंधात मर्मावर बोट ठेवले. चित्रकाराच्या मनात पात्र भरीव असते, कागदावर फक्त त्याची सपाट सावली उतरते. उतरताना खोलीची माहिती गळून जाते. यंत्राला मिळते ती सावली. मन मिळत नाही. नाक पुढे आहे आणि कान मागे आहे, हे रेषेत कुठेच लिहिलेले नसते. धाकट्या कारागिराला ते ठाऊक असते, कारण त्याने आयुष्यभर माणसांची डोकी पाहिलेली असतात. म्हणजे ज्या कामाला स्टुडिओ सगळ्यात खालचे समजत होते, त्यात केवढी समज होती, याचे प्रमाणपत्र त्या कारागिरांना संगणकाने दिले. ते काम करता न येऊन दिले!

दोन वाटा आणि एक छोटी तरफ

यावर दोन मार्ग निघाले. एक हमरस्ता: चित्र काढायचेच नाही, संगणकात खरोखरचे भरीव पुतळे घडवायचे. १९९५ सालची ‘टॉय स्टोरी’ ही त्या रस्त्यावरची पहिली पूर्ण लांबीची फिल्म. तिथे डोके खरेच गोल आहे, त्यामुळे ते वळवायला अडचण नाही. पण हाताच्या रेषेची गंमत तिथे राहत नाही, आणि मिकीच्या कानांसारखी गोड लबाडी भरीव पुतळ्याला करता येत नाही.

दुसरी पायवाट: चित्र सपाटच ठेवायचे, पण त्याला वळल्याचा भास द्यायचा. या पायवाटेवर १९९९ साली माइक क्लिफ्टन यांनी ‘मोहो’ नावाचे सॉफ्टवेअर केले. सपाट रेखाचित्र आणि आत हाडे, हाच त्याचा गाभा. पुढे काही वर्षे ते ‘ॲनिमे स्टुडिओ’ या नावाने विकले गेले आणि २०१६ पासून पुन्हा मोहो झाले. ‘फ्लॅश’मध्येही २००८ साली हाडांचे साधन आले. २०१० साली ॲलेक रिव्हर्स, ताकेओ इगाराशी आणि फ्रेडो ड्युराँ यांनी आणखी एक तोडगा मांडला: समोरचे, कडेचे अशी दोन-चार चित्रे माणसानेच काढायची, यंत्राने डोळा, नाक, कान असा एकेक भाग सुटा धरायचा आणि त्याला अवकाशात एक जागा द्यायची. मग आकार सपाटच राहतो, पण जागा खऱ्यासारखी बदलते. मिकीचे कान त्यात सुखाने बसतात. आणि २०१२ साली मोहोच्या मालिकेत ‘स्मार्ट बोन’ म्हणजे शहाणे हाड आले.

हे शहाणे हाड काय करते? समजा आपण एक समोरचा चेहरा काढला. डोके, डोळे, नाक, तोंड, कान, पुढचे केस, मागचे केस, सगळे वेगवेगळ्या थरांवर. मानेतून वर जाणारे एक हाड दिले, त्याने डोके डावी-उजवीकडे कलते. त्याखेरीज चेहऱ्याच्या बाहेर, बाजूला, एक छोटेसे हाड ठेवले. ते कशालाच धरून नाही. ती नुसती तरफ आहे, रेडिओच्या बटणासारखी. ती मध्यावर असताना चेहरा समोर. आता तरफ उजवीकडे टोकाला नेली आणि संगणकाला सांगितले, "या स्थितीत चेहरा असा दिसतो." मग एकेक भाग हाताने जागेवर नेला. नाक सर्वांत जास्त सरकवले, कारण ते आपल्या सर्वांत जवळ. तोंड त्याहून थोडे कमी, डोळे आणखी कमी. पलीकडचा डोळा अरुंद केला. चेहऱ्याची बाहेरची कड जवळजवळ जागेवरच ठेवली. कान आणि मागचे केस मात्र उलट दिशेला नेले, कारण चेंडूची पुढची बाजू उजवीकडे जाते तेव्हा मागची डावीकडे जाते. पलीकडचा कान डोक्याच्या थराखाली सारला. झाले! आता तरफ हलवली की मान वळते, आणि हजार वेळा वळवली तरी पुन्हा चित्र काढावे लागत नाही.

पण हा भास एका मर्यादेपर्यंतच टिकतो. साधारण अर्ध्या वळणापर्यंत ठीक; त्यापुढे नाक गालाची कड ओलांडून बाहेर यायला हवे, एक डोळा पूर्ण नाहीसा व्हायला हवा. तिथे बिंदू सरकवून भागत नाही, नवे चित्रच काढून बदलावे लागते. पापणी मिटता मिटता ही अदलाबदल उरकून घेतली तर लक्षातही येत नाही. म्हणजे मान वळताना डोळे मिटावेत हा जुन्या कारागिरांचा नियम आता संगणकाची चोरी झाकायला उपयोगी पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: शहाणे म्हटले तरी हाड शहाणे नाही. नाक किती सरकवायचे, कुठला कान लपवायचा, हे कुणीतरी माणसाने एकदा ठरवून त्यात घातलेले असते. हाड ते पाठ म्हणते. ज्याने तरफ बसवली त्याला डोके कळत असेल तर मान सुंदर वळते. नसेल तर हजार वेळा वाईट वळते, आणि तीही अगदी न थकता.

पायरी गेली, मग जिना कसा चढायचा?

मिळाले काय ते आधी सांगू. पूर्वी ज्याला स्टुडिओ आणि शंभर हात लागत, तो लघुपट आज एक मुलगी आपल्या खोलीत बसून करू शकते. बर्लिनच्या बँकरने पैसा पुरवल्यावाचून रायनिगरबाईंचा चित्रपट झाला नसता. आज त्याची गरज नाही. आपल्या मुलांना आजीच्या गोष्टी त्यांच्या आवाजात, आपल्या भाषेत हलत्या चित्रांतून सांगाव्याशा वाटल्या, तर त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. आणि दिवसभर पाठ वाकवून, नाव न होता, दुसऱ्याच्या रेषांमधल्या रेषा भरणे हे काही कुणाच्या वाट्याला यावे असे सुख नव्हते. १९४१ चा संप उगाच झाला नव्हता. १९८९ पासून ‘द सिम्पसन्स’सारख्या मालिकांची मधली चित्रे कोरियात तयार होऊ लागली ती मजुरीच्या दरामुळेच, स्वस्त हातांच्या शोधात काम कसे देश बदलते, हे आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी समजावून द्यायला नको.

गेले काय? खालची पायरी गेली. मधली चित्रे काढणे हे कष्टाचे काम होते, तसेच ते शिकण्याचेही एकमेव ठिकाण होते. आर्ट डेव्हिस ह्यूमरच्या शेजारी बसून शिकला आणि पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. फिल्म्स डिव्हिजनची मुले वीक्स यांच्याजवळ बसून शिकली. आता नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशीच तयार तरफ येते. ती कुणी दुसऱ्याने बसवलेली असते. तो ती सफाईने हलवतो, पण आत काय आहे ते त्याला बघावे लागत नाही. हे फक्त कार्टूनचे नाही. कॅलक्युलेटर आल्यावर पाढ्यांचे झाले, तयार प्रोग्राम आल्यावर हिशेबनिसाचे झाले, आणि मजकूर-चित्रे रचणारी यंत्रे आल्यावर आज आपल्यातल्या कित्येकांच्या कचेऱ्यांतही हाच प्रश्न दार ठोठावतो आहे. धाकट्याचे काम यंत्राने घेतले, तर उद्याचा थोरला कुठून येणार?

या प्रश्नाला हाडांचा इतिहास एक उत्तर देतो. ते पुरेसे नसेल, पण खरे आहे. यंत्राने मधले काम घेतले तरी डोक्याची समज घेतली नाही. ती १९७८ साली कॅटमल यांना जिथे दिसली तिथेच, माणसाच्या मनात आहे. तेव्हा ती समज आता पोटासाठी आपोआप मिळणार नाही. मुद्दाम मिळवावी लागेल. तुमचा मुलगा किंवा मुलगी संगणकावर कार्टून करीत असेल, तर त्याचे कौतुक जरूर करा. पण त्याला एक वहीही आणून द्या. आजोबा पेपर वाचताना, आई फोनवर बोलताना, धाकटी बहीण टी.व्ही. बघताना त्यांची डोकी त्याला काढू द्या, समोरून, कडेने, आणि विशेषतः त्या अडचणीच्या मधल्या कोनातून. शंभर डोकी वाईट येतील. त्यानंतर तो तरफ हाती घेईल तेव्हा हाड त्याचे ऐकेल.